उंदराची पेशी आणि हत्तीची पेशी

सुरत हे वस्त्रांचे नगर आहे. या नगरात राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींपैकी कित्येकांच्या घरी यंत्रमागाच्या खडखडाटानेच दिवसाचा आरंभ होतो. तेव्हा प्राणिशास्त्रातील एका प्रश्नाचा विचार करावयास बसण्यापूर्वी आपण क्षणभर मागाजवळच उभे राहू. एक हातरुमाल आणि एक नऊवारी लुगडे शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांच्या आकारातील अंतर कोणाच्याही डोळ्यांत भरेल. परंतु लुगडे मोठे म्हणून त्याचे सूत दोरखंडासारखे जाड, आणि रुमाल लहान म्हणून त्याचे सूत कोळिष्टकासारखे बारीक, असे कोणी म्हणेल काय? दोन्ही वस्त्रे एकाच बॉबिनवरच्या सुताने विणलेली असू शकतात. वस्त्र मोठे होते ते सूत जाड झाल्यामुळे नव्हे, सूत अधिक लागल्यामुळे.

आता हाच प्रश्न आपण प्राण्यांच्या देहासंबंधी विचारू. घरातल्या उंदराचे वजन सुमारे २५ ग्रॅम असते, तर पूर्ण वाढलेल्या हत्तीचे सुमारे ४,००० किलोग्रॅम. म्हणजे हत्ती उंदराच्या १,६०,००० पट जड. दोघेही सस्तन प्राणी, आणि दोघांचेही देह पेशींचे बनलेले. मग हत्तीची पेशी उंदराच्या पेशीपेक्षा किती पट मोठी असावी? वर्गात हा प्रश्न विचारला, तर बहुतेक मुले "पुष्कळच मोठी" असे उत्तर देतात. हत्तीचे कान सुपाएवढे, पाय खांबाएवढे, दात हातभर लांब. मग त्याच्या पेशीही तशाच प्रचंड असल्या पाहिजेत, असे वाटणे साहजिक आहे. तथापि निसर्गाची रीत मागावरच्या विणकराच्या रीतीशी जुळते, आपल्या पहिल्या तर्काशी नव्हे.

पेशी प्रथम पाहिली गेली तो काळ सुरतेच्या इतिहासातील मोठ्या धामधुमीचा होता. शिवछत्रपतींनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर पहिली स्वारी केली. त्याच्या पुढल्याच वर्षी, म्हणजे १६६५ साली, लंडनमध्ये रॉबर्ट हूक याने सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिलेल्या वस्तूंचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, आणि बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या चिमुकल्या कोठड्यांस आज रूढ असलेले इंग्रजी नाव दिले. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी त्याच काळात अँटनी व्हान लेव्हेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत होता. कापडाचे धागे भिंगाखाली मोजून त्याचा पोत पाहण्याची त्या धंद्यातील रीत त्याला चांगली परिचित होती. पुढे तो स्वतःच इतकी उत्कृष्ट भिंगे घासू लागला, की धाग्यांवरून त्याची दृष्टी पाण्याच्या थेंबाकडे, दातांवरच्या किटाकडे आणि रक्ताकडे वळली. १६७४ साली त्याने रक्तातील तांबड्या पेशींचे वर्णन लिहून पाठविले. सुरतेतही तेव्हा डचांची वखार होती व येथील कापड हॉलंडला जात असे. कापडाची पारख करणाऱ्या माणसाने देहाचे सूत प्रथम तपासावे, हा योगायोग सुरतकरांनी तरी विसरू नये.

पेशींची मापे घेण्यासाठी मिलिमीटर फार मोठा पडतो. म्हणून त्याचा हजारावा भाग घेतात. त्यास मायक्रॉन म्हणतात. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारणपणे ७० ते ८० मायक्रॉन असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील आकड्यांचा अंदाज येईल. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज गलिव्हर या इंग्रज लष्करी शस्त्रवैद्याने शेकडो प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशी मोजण्याचे चिकाटीचे काम केले. त्यानंतरच्या संशोधकांनी अधिक चांगल्या यंत्रांनी ही मापे पुनःपुन्हा घेतली आहेत. त्यांवरून असे दिसते, की माणसाच्या तांबड्या पेशीचा व्यास सुमारे साडेसात मायक्रॉन, कुत्र्याच्या पेशीचा सुमारे सात, उंदराच्या पेशीचा सुमारे सहा, घोड्याच्या व गाईच्या पेशीचा साडेपाचच्या आसपास, मेंढीच्या पेशीचा सुमारे साडेचार, आणि बकरीच्या पेशीचा चार मायक्रॉनहूनही थोडा कमी असतो. हत्तीची पेशी सुमारे नऊ मायक्रॉन व्यासाची असते.

हे आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. हत्ती उंदराच्या १,६०,००० पट जड खरा, परंतु त्याच्या रक्तपेशीचा व्यास उंदराच्या पेशीच्या केवळ दीडपट. देहाच्या प्रमाणात पेशी वाढली असती, तर काय झाले असते? १,६०,००० चे घनमूळ सुमारे ५४ येते. म्हणजे हत्तीच्या रक्तपेशीचा व्यास उंदराच्या पेशीच्या ५४ पट, सुमारे ३२४ मायक्रॉन झाला असता. बारीक रव्याच्या कणासारखी ती पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसली असती, आणि हत्तीचे रक्त पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक यंत्राची गरजच उरली नसती!

दुसरी गोष्ट याहूनही नवलाची. बकरी उंदरापेक्षा हजारपटीहून अधिक जड असते, परंतु तिची रक्तपेशी उंदराच्या रक्तपेशीपेक्षा लहान आहे. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात पिसोरी नावाचे, सशाहून थोडे मोठे, हरणासारखे दिसणारे एक लाजाळू जनावर असते. त्याच कुळातील जावा बेटावरच्या प्राण्याच्या रक्तपेशी गलिव्हरला सर्वांत लहान आढळल्या. त्यांचा व्यास अवघा दोन मायक्रॉनच्या जवळपास भरला. या प्राण्याचे वजनही उंदराच्या कितीतरी पट असते. तेव्हा देह मोठा म्हणून पेशी मोठी, हा नियम तर नाहीच. देह लहान म्हणून पेशी लहान, हाही नियम नाही.

मग मोठा देह घडतो कशाने? पेशींच्या संख्येने. माणसाच्या देहात सुमारे ३० लाख कोटी पेशी असाव्यात असा अलीकडचा हिशेब आहे, आणि त्यांतील फार मोठा वाटा तांबड्या रक्तपेशींचाच आहे. उंदराच्या देहात त्या मानाने फार थोड्या पेशी असतात, हत्तीच्या देहात माणसाच्या कितीतरी पट अधिक. जगातील सर्वांत लहान सस्तन प्राण्यांत गणली जाणारी एट्रुस्कन चिचुंद्री सुमारे दोन ग्रॅम वजनाची असते. निळा देवमासा १०० टनांहूनही जड होतो. दोघांच्या वजनांत किमान पाच कोटी पटींचे अंतर आहे. परंतु दोघांच्या यकृताचे पातळ काप भिंगाखाली ठेवले, तर नुसत्या पेशींच्या आकारावरून कोणता काप कोणाचा हे सांगणे कठीण जाईल. पेशींचा आकार आणि संख्या यांचा मेळही निसर्ग चतुराईने घालतो. माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. बकरीच्या रक्तात पेशी बारीक, म्हणून तेवढ्याच रक्तात त्या एक कोटीहून अधिक मावतात. हत्तीच्या पेशी थोड्या मोठ्या, म्हणून त्यांची संख्या ३० लाखांच्या आसपास राहते.

पेशी अमर्याद का वाढत नाही, हे समजण्यास शाळेतले गणित पुरे आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. आता बाजू दहापट करा. पृष्ठफळ ६०० होते, परंतु घनफळ १,००० होते. पूर्वी प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्यास ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग येत होता, आता एकाहूनही कमी येतो. पेशीस लागणारा प्राणवायू आणि अन्न तिच्या पृष्ठभागातून आत येते, आणि मळही त्याच वाटेने बाहेर जातो. घर दहापट लांब, रुंद व उंच केले, परंतु दारे त्या मानाने वाढली नाहीत, तर आतल्या माणसांचा जीव गुदमरणारच.

याखेरीज अंतराचाही प्रश्न आहे. पेशीच्या आत प्राणवायू आपोआप पसरत जातो. त्यास वाहून नेणारे कोणी नसते. असे पसरण्यास लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा मायक्रॉनचे अंतर काटण्यास सेकंदाचा अगदी लहानसा अंश, सुमारे चाळिसावा भाग, पुरतो. परंतु अंतर हजारपट, म्हणजे एक सेंटिमीटर झाले, तर वेळ दहा लाख पट होतो, आणि तो सुमारे सात तासांच्या घरात जातो. सात तास श्वासाची वाट पाहत बसणारी पेशी जगणार कशी? म्हणून हत्ती असो वा उंदीर, प्रत्येक पेशी आकाराने लहान ठेवणे आणि तिच्या दारापर्यंत रक्त नेऊन पोहोचविणे, हाच एक मार्ग उरतो. ज्या केशवाहिन्यांतून हे रक्त पोहोचते, त्या इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशीस कित्येक ठिकाणी अंग मुडपून एकामागून एक जावे लागते.

तिसरे कारण पेशीच्या केंद्रकात आहे. पेशीचा सर्व कारभार केंद्रकातील जनुकद्रव्याच्या आज्ञेने चालतो. एवढ्याशा कचेरीने केवढा मुलूख सांभाळावा, यास सीमा आहे. ज्या प्राण्यांत हे द्रव्य अधिक, त्यांच्या पेशीही मोठ्या, असे सामान्यतः आढळते. सस्तन प्राण्यांत हे द्रव्य, मग प्राणी उंदीर असो वा हत्ती, सुमारे सारखेच असते. आपल्या डांगच्या आणि सह्याद्रीच्या रानातले भेकर पहा. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, आणि भेकराच्या मादीच्या पेशीत अवघी ६! परंतु गुणसूत्रे संख्येने थोडी असली तरी आकाराने मोठी आहेत, आणि एकूण द्रव्यात फारसे अंतर पडत नाही. उलट बेडकाच्या वर्गातील काही प्राण्यांत हे द्रव्य पुष्कळ अधिक असते. अमेरिकेतील ॲम्फियुमा नावाच्या, बामासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याची तांबडी पेशी सुमारे ७० मायक्रॉन लांब असते. फार कशाला, प्रयोगशाळेतल्या बेडकाचीच तांबडी पेशी सुमारे २२ मायक्रॉन लांब, म्हणजे हत्तीच्या पेशीच्या दुपटीहून मोठी आहे. गोष्टीतल्या बेडकीने बैलाएवढे होण्यासाठी पोट फुगविले. बिचारीस ठाऊक नव्हते, की रक्तपेशीच्या बाबतीत ती आधीच बैलाहून मोठी होती.

येथवर आपण पाहिले, की देहाचे सूत सर्वत्र सारख्याच जाडीचे आहे. परंतु विणकामातला जाणता मनुष्य येथे एक शंका काढील. तो म्हणेल, "सूत सारखे हे खरे, पण ताण्याचा धागा लुगड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. लुगडे लांब झाले की तोही लांब झालाच पाहिजे." ही शंका अगदी योग्य आहे. देहातही असे ताण्याचे धागे आहेत. ते म्हणजे मज्जापेशी. माणसाच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा मज्जापेशीचा धागा सुमारे एक मीटर लांब असतो, आणि तो एकाच पेशीचा भाग असतो. उंदरात तो काही सेंटिमीटरच भरतो. जिराफाच्या कंठाकडे जाणारा एक मज्जातंतू मेंदूपासून निघून छातीपर्यंत उतरतो आणि पुन्हा मान चढून वर येतो. त्याची लांबी चार मीटरहून अधिक होते. इतक्या लांब धाग्याचे पोषण करावयाचे, तर पेशीचा मूळ गाभाही थोडा मोठा असावा लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीचे शरीररचनाशास्त्रज्ञ ज्युसेप्पे लेव्ही यांनी लहानमोठ्या सस्तन प्राण्यांच्या पेशींची तुलना करून ही गोष्ट दाखवून दिली. ज्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात, जसे त्वचेचे थर, त्यांचा आकार सर्व प्राण्यांत सुमारे सारखा राहतो. ज्या पेशी जन्मानंतर विभागत नाहीत, विशेषतः मज्जापेशी, त्या मात्र देहाबरोबर मोठ्या होतात. यास लेव्हींचा नियम असे नाव पडले. या गुरूंचे भाग्य असे थोर, की त्यांच्या तीन शिष्यांस पुढे नोबेल पारितोषिक मिळाले: १९६९ साली लुरिया यांस, १९७५ साली डुल्बेको यांस आणि १९८६ साली रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी या विदुषींस.

मित्रहो, पेशी सारखीच म्हणून तिचे जीवनही सारखेच, असे समजाल तर मात्र चूक होईल. १९३२ साली अमेरिकेत मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने उंदीर, कबूतर, कुत्रा, मेंढी, माणूस, बैल अशा प्राण्यांस विश्रांतीच्या स्थितीत किती ऊर्जा लागते, याचा हिशेब मांडला. ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, ती वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते, असे त्याला आढळले. या नियमाने आपले गणित फार सुबक सुटते. हत्ती उंदराच्या १,६०,००० पट जड आहे. या संख्येचे चतुर्थमूळ २०, आणि २० चा घन ८,०००. म्हणजे हत्तीस उंदराच्या १,६०,००० पट नव्हे, केवळ सुमारे ८,००० पट ऊर्जा लागते. दुसऱ्या शब्दांत, एक ग्रॅम उंदीर जितकी ऊर्जा खर्च करतो, तिच्या विसाव्या भागावर एक ग्रॅम हत्ती जगतो. एका हत्तीच्या वजनाइतके उंदीर एकत्र केले, तर त्यांच्या पोषणास वीस हत्तींइतकी ऊर्जा लागेल. धान्याच्या कोठारात उंदीर शिरले म्हणजे शेतकऱ्याच्या पोटात गोळा का उठतो, याचे हे शास्त्रीय उत्तर आहे! हृदयाचे ठोकेही हाच हिशेब सांगतात. उंदराचे हृदय मिनिटास सुमारे ६०० वेळा धडधडते, हत्तीचे सुमारे ३० वेळा; प्रमाण पुन्हा वीसच.

या नियमातून एक अडचण उभी राहते. हत्तीच्या ग्रॅमभर मांसास ऊर्जा विसावा भागच मिळते. पेशी तेवढीच ठेवावी, तर प्रत्येक पेशीने आपला खर्च कमी केला पाहिजे. खर्च पूर्वीइतकाच ठेवावा, तर पेशी मोठी करून एका ग्रॅममधील पेशींची संख्या कमी केली पाहिजे. आकार आणि खर्च, दोन्ही गोष्टी एकाच वेळी कायम राखता येणार नाहीत. निसर्गाने यांतील कोणता मार्ग पत्करला? २००७ साली व्हान सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सस्तन प्राण्यांतील १८ प्रकारच्या पेशींची मापे एकत्र करून हे तपासले. तेव्हा असे दिसले, की दोन्ही मार्ग पत्करलेले आहेत. रक्त, यकृत, त्वचा यांसारख्या अवयवांतील, वेगाने नव्या होणाऱ्या पेशी आकार कायम राखतात आणि मोठ्या देहात सावकाश जगतात. मज्जापेशी आणि चरबी साठविणाऱ्या मेदपेशी मात्र क्वचितच विभागतात; त्या मोठ्या देहात मोठ्या होतात आणि आपला खर्च जवळजवळ तेवढाच ठेवतात. एका शतकापूर्वी लेव्ही यांनी भिंगाखाली जे पाहिले, त्याचा ऊर्जेच्या हिशेबाशी असा मेळ बसला. एकूण, उंदराची यकृतपेशी आणि हत्तीची यकृतपेशी ही एकाच मापाची दोन घरे आहेत. परंतु एका घरात रात्रंदिवस वीस चुली पेटलेल्या आहेत, आणि दुसऱ्यात एकच चूल मंद जळत आहे.

हे सर्व जाणून आपणांस काय लाभ, असे कोणी विचारील. त्यास तीन उत्तरे आहेत, आणि तिन्ही आपल्या प्राणांशी संबंध ठेवणारी आहेत.

पहिले उत्तर औषधाच्या मात्रेचे. ३ ऑगस्ट १९६२ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथील प्राणिसंग्रहालयात टस्को नावाच्या हत्तीवर एक प्रयोग करण्यात आला. एल. एस. डी. नावाचे, चित्तभ्रम उत्पन्न करणारे रसायन त्यास टोचावयाचे होते. मात्रा ठरविताना लहान प्राण्यांस सोसलेल्या मात्रेवरून वजनाच्या प्रमाणात हिशेब केला गेला, आणि २९७ मिलिग्रॅम द्रव्य टोचण्यात आले. हत्ती काही मिनिटांतच कोसळला आणि दोन तासांच्या आत मरण पावला. त्यास सावरण्यासाठी दिलेल्या इतर औषधांचाही त्याच्या मृत्यूस हातभार लागला असावा, असे पुढे म्हटले गेले. परंतु मूळ हिशेबातील दोष शास्त्रज्ञांच्या ध्यानात आला. हत्तीच्या पेशी सावकाश जगतात. औषध जिरविण्याचे त्यांचे कामही त्याच मानाने सावकाश चालते. उंदराच्या मात्रेस १,६०,००० ने गुणावे की ८,००० ने, यात वीसपटींचे अंतर आहे, आणि ते अंतर जीवन व मरण यांमधले ठरू शकते. म्हणून आज प्राण्यांवर तपासलेले औषध माणसास देताना केवळ वजनाचा हिशेब धरीत नाहीत. घरात मोठ्या माणसाच्या गोळीचा अंदाजाने तुकडा मोडून लहान मुलास देण्याची सवय याच कारणाने घातक आहे. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाचा मोडलेला तुकडा नव्हे.

दुसरे उत्तर कर्करोगाचे. एखादी पेशी विभागताना बिघडली आणि बेबंद वाढू लागली, म्हणजे कर्करोग होतो. हत्तीचा देह मोठ्या पेशींचा असता, तर पेशींची संख्या थोडी राहिली असती. परंतु तो असंख्य लहान पेशींचा आहे, आणि त्याचे आयुष्यही दीर्घ आहे. म्हणजे बिघाडास संधी अधिक. तर हत्तींत कर्करोग सर्रास आढळला पाहिजे. प्रत्यक्षात तो माणसापेक्षाही कमीच आढळतो. रिचर्ड पेटो या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात प्राण्यांच्या आकाराविषयीचे हे कोडे मांडले. २०१५ साली त्याचा एक धागा सापडला. बिघडलेल्या पेशीस ओळखून तिचा नाश घडवून आणणारे टीपी-५३ नावाचे जनुक माणसाच्या जनुकसंचात एकच असते. हत्तीच्या जनुकसंचात त्याच्या २० प्रती आढळल्या. ज्याची फौज मोठी, त्याने पहारेकरीही अधिक नेमले! या ज्ञानातून माणसाच्या रोगावर काही उपाय निघेल काय, याचा शोध चालू आहे.

तिसरे उत्तर सर्वांत जवळचे आहे. आपली रक्ततपासणी झाली, की त्या कागदावर एम. सी. व्ही. अशी तीन अक्षरे व त्यांपुढे एक आकडा असतो. तो आपल्या तांबड्या पेशींचे सरासरी घनफळ सांगतो. मोठ्या माणसात तो साधारणपणे ८० ते १०० च्या दरम्यान असावा लागतो. उंदीर आणि हत्ती यांच्या रक्तपेशींत व्यासाचे अंतर दीडपटच. मग आपल्या एकाच देहात हा आकडा बदलला, तर ती सूचनाच समजावी. देहास लोह कमी पडले, की पेशींत रक्तरंजक पुरेसे भरत नाही आणि त्या लहान निपजतात. थॅलेसेमियाच्या वाहकांतही त्या लहान आढळतात. उलट ब-१२ जीवनसत्त्व किंवा फोलिक आम्ल कमी पडले, तर पेशीच्या केंद्रकाचे काम रेंगाळते, ती वेळेवर विभागत नाही, आणि म्हणून अवाजवी मोठी होते. पेशी लहान होवो वा मोठी, परिणाम एकच: पांडुरोग, थकवा आणि अभ्यासात न लागणारे लक्ष. ब-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. म्हणून शाकाहारी घरांतील मुलांनी दूध-दह्याचा कंटाळा करू नये. पालेभाज्या, कडधान्ये आणि त्यांवर लिंबाची फोड यांनी लोह मिळण्यास साहाय्य होते. आणि शाळेत आठवड्याला मिळणारी ती निळी गोळी, जी कित्येक मुली बाकाखाली टाकतात, ती पेशीचे सूत पूर्ववत् करणारी गोळी आहे, हे ध्यानात असू द्यावे.

१९२६ साली जे. बी. एस. हाल्डेन या थोर शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या योग्य आकारावर एक छोटा निबंध लिहिला होता. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, पुढे येथील नागरिक झाले, आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे निवर्तले. प्रत्येक प्राण्यास आपला म्हणून एक योग्य आकार असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पेशीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. देहास वाढण्याची मुभा पुष्कळ आहे. पेशीस मात्र मर्यादा सोडून चालत नाही.

सुरतेच्या व्यापाऱ्यांनी येथे प्राण्यांसाठी रुग्णालय चालविले होते. १६९० च्या सुमारास या शहरी आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने त्याचे वर्णन मोठ्या नवलाने लिहून ठेवले आहे. म्हाताऱ्या बैलापासून बारीकसारीक जिवांपर्यंत सर्वांना तेथे आसरा मिळे. त्या व्यापाऱ्यांजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते. सर्व जीव एकाच नात्याचे आहेत, हे त्यांनी धर्मबुद्धीने मानले होते. आज तेच नाते मायक्रॉनच्या मापाने मोजता येते. पुढच्या वेळी प्रयोगशाळेत भिंगाखाली रक्ताचा थेंब पाहाल, तेव्हा त्या फिकट गुलाबी चकत्यांकडे क्षणभर अधिक पाहा. तेच सूत कमी लागले म्हणून उंदीर झाला, अधिक लागले म्हणून हत्ती झाला, आणि मधल्या कुठल्याशा मापावर विणकराने हात थांबविला, म्हणून आपण झालो.